पत्ता बदलला, ओळख कुठे गेली?

जव्हार आणि मोखाडा हे तालुके ३१ जुलै २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यात होते आणि दुसऱ्या दिवशी ते पालघर जिल्ह्यात गेले. एकही घर हलले नाही, एकाही शाळेची भिंत सरकली नाही, पत्ता मात्र बदलला. शाळेचे शिक्के, दाखले, पाट्या, जिथे जिथे 'जि. ठाणे' होते तिथे 'जि. पालघर' करावे लागले. जव्हारला याची थोडी सवय असावी. १९४८ साली जव्हार संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले, तेव्हाही गाव जागेवरच होते आणि पत्ता बदलला होता.

या साऱ्यात एक गोष्ट बदलली नाही. जव्हारचा पिनकोड ४०१६०३ होता तो तसाच राहिला, मोखाड्याचा ४०१६०४ तोही तसाच. ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. ती आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपाल खात्यातले अधिकारी आणि संस्कृतचे कवी. एकाच नावाची अनेक गावे आणि अनेक लिप्यांत लिहिलेले पत्ते यांतून पत्र नेमक्या जागी कसे पोचवायचे, हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता. पिनकोडही शेवटी जागेचाच, हे खरे. पण तो जिल्ह्याच्या नावावर अवलंबून नाही, म्हणून जिल्हा बदलला तरी तो टिकला.

वस्तू कुठे आहे हे सांगणारा पत्ता आणि ती कोणती आहे हे सांगणारी ओळख, या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या नाहीत तर काय गोंधळ होतो हे पाहायला संगणकासारखे दुसरे ठिकाण नाही. त्यातही एक अगदी घरगुती प्रसंग आपण या लेखात घेणार आहोत: घरातला चित्रफितींचा आणि गाण्यांचा संग्रह एका संगणकावरून दुसऱ्यावर नेणे.

बाईंचा संगणक

समजा, मोखाडा तालुक्यातल्या एका शिक्षिकेच्या घरी एक जुना संगणक आहे आणि त्याला जोडलेली एक मोठी डिस्क. डिस्कवर अरविंद गुप्ता यांच्या खेळण्यांच्या फिल्म आहेत, काही चित्रपट आहेत, आणि बाईंनी स्वतः मोबाइलवर टिपलेल्या पन्नासएक नोंदी आहेत. वाळलेला भोपळा, बांबूच्या नळ्या आणि ताडाच्या पानाचा कर्णा यांचा तारपा वाजवणारे म्हातारबाबा, लग्नात धवलेरीने गायलेली गाणी, बोहाड्यातली सोंगे, आजीने वारलीत सांगितलेली गोष्ट. या संगणकावर 'मीडिया सर्व्हर' नावाच्या प्रकारातला एक प्रोग्रॅम चालतो. जेलिफिन, प्लेक्स ही त्यांपैकी परिचित नावे. जेलिफिन हा २०१८ साली सुरू झालेला, कोणालाही फुकट वापरता येणारा प्रोग्रॅम आहे. घरात साधा वायफाय राउटर असला की झाले, इंटरनेट नसले तरी चालते. ओसरीवर बसलेली मुले मोबाइलवर संग्रहाची यादी पाहतात, हवी ती फिल्म लावतात. कोणी कुठपर्यंत पाहिले हे सर्व्हर लक्षात ठेवतो. फिल्मचे नाव, चित्र, चार ओळींची माहिती तो दाखवतो. बाईंनी तारप्याच्या प्रत्येक नोंदीखाली वादकाचे नाव, पाडा आणि प्रसंग हाताने भरलेला आहे.

आता हा संगणक बदलायची वेळ आली. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि जुन्या संगणकावर पुढची आवृत्ती चालत नाही, असे अनेकांच्या बाबतीत झाले. बाईंनी लिनक्सवर चालणारा एक छोटा संगणक घेतला. डिस्कवरचे सगळे त्यावर उतरवायचे, एवढेच तर काम!

उतरवायला लागणारा वेळ हे वर्गात देण्याजोगे चांगले गणित आहे. संग्रह एक टेराबाइटचा, म्हणजे एक लाख कोटी बाइटचा आहे असे धरू. जुन्या पद्धतीच्या यूएसबी जोडणीतून सेकंदाला साधारण ३ कोटी बाइट जातात, म्हणजे सव्वानऊ तास. दोन संगणक शंभर मेगाबिटच्या वायरने जोडले तर सेकंदाला सव्वा कोटीहून अधिक जाऊच शकत नाहीत, आणि प्रत्यक्षात एक दिवस जातो. मोबाइलच्या नेटवर सेकंदाला १ कोटी बिट सलग मिळाले, तर नऊ दिवसांहून थोडे जास्त. आणि तीच डिस्क पिशवीत घालून एसटीने जव्हारहून मोखाड्याला नेली तर? बसला एक तास लागला असे धरा. एका बाइटचे आठ बिट, तासाचे ३६०० सेकंद. सेकंदाला २२२ कोटी बिट! या वेगाला आपल्याकडचे नेहमीचे घरगुती इंटरनेट पुरे पडणार नाही. डिस्क भरायचा आणि रिकामी करायचा वेळ यात धरलेला नाही. तो विद्यार्थ्यांना धरायला लावावा आणि मग निष्कर्ष बदलतो का ते पाहावे.

पावसाळ्यात या भागात वीज कधी जाईल सांगता येत नाही. म्हणून माउसने ओढून टाकण्यापेक्षा विंडोजमधला रोबोकॉपी किंवा लिनक्समधला आरसिंक हा प्रोग्रॅम बरा. वीज जाऊन आली की तो आधी पोचलेल्या फायली सोडून देतो आणि राहिलेल्या तेवढ्याच नेतो. आणखी एक अडचण पेनड्राइव्हची. तो फॅट-३२ या जुन्या पद्धतीने आखलेला असेल तर त्यावर ४,२९,४९,६७,२९५ बाइटपेक्षा मोठी फाइल मावत नाही, मग आत कितीही जागा रिकामी असो. फाइलचा आकार लिहायला त्या पद्धतीत ३२ बिटांचीच जागा आहे, आणि ३२ बिटांत लिहिता येणारी सर्वांत मोठी संख्या हीच.

फायली आल्या, नोंदी कुठे आहेत?

सगळ्या फायली नीट उतरल्या. सर्व्हरच्या नोंदी असलेला फोल्डरही बाईंनी आठवणीने आणला. सर्व्हर सुरू केला. त्याने डिस्क तपासली, आणि थोड्या वेळाने यादीत तारप्याच्या जागी दिसले: 'नोंद ४७', 'नोंद ४८', 'नोंद ४९'. वादकांची नावे नाहीत, पाडे नाहीत. गंमत अशी की प्रसिद्ध चित्रपट मात्र चित्रासकट, माहितीसकट जागेवर होते. हे असे का व्हावे?

शाळेच्या ग्रंथालयाचा विचार करा. कपाटात पुस्तके असतात आणि टेबलावर दाखल नोंदवही असते. पुस्तक एक गोष्ट, त्याविषयीची नोंद दुसरी. मीडिया सर्व्हरचेही असेच आहे. फायली म्हणजे पुस्तके, आणि सर्व्हरचा डेटाबेस म्हणजे नोंदवही. प्रश्न असा, की नोंदवहीतल्या ओळीचा कपाटातल्या पुस्तकाशी संबंध कशाने जोडलेला आहे? चांगल्या ग्रंथालयात तो दाखल क्रमांकाने जोडलेला असतो आणि तो क्रमांक पुस्तकावरही शिक्क्याने उमटवलेला असतो. सर्व्हरमध्ये बहुधा तो पत्त्याने जोडलेला असतो. 'डी:\तारपा\नोंद ४७' असा. लिनक्समध्ये डी ड्राइव्ह नावाची गोष्टच नाही. तिथे सगळी डिस्क एकाच झाडाच्या फांद्यांसारखी मांडलेली असते, तिरकी रेघ उलट्या दिशेची असते, आणि इंग्रजी नावांत मोठे अक्षर व लहान अक्षर ही वेगळी अक्षरे मानली जातात. म्हणजे जुना पत्ता नव्या संगणकावर लिहिणेच शक्य नाही.

जेलिफिन तर आणखी एक पाऊल पुढे जातो. फाइलच्या पत्त्यावर तो एक ठरावीक गणिती क्रिया करतो आणि त्यातून जी लांबलचक संख्या येते तीच त्या फाइलची ओळख मानतो. पत्त्यात एक अक्षर बदलले की संख्या पूर्ण वेगळी. पत्ता आणि ओळख यांची येथे पक्की गाठ बसली आहे. नव्या संगणकावर पहिल्यांदा डिस्क तपासताना सर्व्हरला दिसते की जुन्या पत्त्यावर काही नाही, तेव्हा ती ओळ काढून टाकावी. आणि नव्या पत्त्यावर एक अनोळखी फाइल आहे, तेव्हा तिची कोरी ओळ घालावी. त्याच्या बाजूने पाहिले तर त्याने काहीच चुकीचे केले नाही.

मग चित्रपट कसे वाचले? प्रसिद्ध चित्रपटांना जगाच्या नोंदवहीत क्रमांक आहेत. इंटरनेटवर चित्रपटांच्या मोठ्या सूची आहेत, त्यांतला क्रमांक सर्व्हरला नावावरून आणि सालावरून सापडतो. मग चित्र, माहिती, कलाकारांची नावे, सगळे तिथून पुन्हा आणता येते. एवढेच नव्हे, कोणत्या मुलाने कुठपर्यंत पाहिले ही नोंदसुद्धा जेलिफिन अशा क्रमांकाशी जोडून ठेवतो, म्हणून ती पत्ता बदलल्यावरही सापडू शकते. मोखाड्याच्या तारप्याला जगाच्या कोणत्याही सूचीत क्रमांक नाही. त्याची ओळख म्हणजे बाईंच्या डिस्कवरचा पत्ता, दुसरी नाही. त्यामुळे जे कुठूनही पुन्हा मिळू शकते ते सुखरूप राहिले आणि जे दुसरीकडे कुठेच नाही ते पुसले गेले. संगणक हलवण्याविषयी लिहिलेल्या सूचना बहुतेक वेळा पहिल्या प्रकारच्या संग्रहासाठी लिहिलेल्या असतात, हे लक्षात ठेवून त्या वाचाव्यात असे आम्हाला वाटते.

जात्यावरच्या ओव्यांचा प्रवास

या धोक्याला मोठ्या प्रमाणावर तोंड दिलेले एक काम महाराष्ट्रातच झाले आहे. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी सहकाऱ्यांसह खेड्यापाड्यांतल्या बायकांकडून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या लिहून घेतल्या. १९९० च्या दशकात बर्नार्ड बेल हे संगीताचा संगणकाच्या अंगाने अभ्यास करणारे संशोधक त्यांना येऊन मिळाले. त्यांनी ओव्यांचा डेटाबेस बांधला आणि सुमारे १२० तासांचे ध्वनिमुद्रण केले. ही सामग्री आधी हरियाणातल्या गुडगाव येथील लोकसंगीताच्या अभिलेखागारात होती, नंतर फ्रान्समधल्या एक्स-आँ-प्रोव्हाँस येथील संग्रहात गेली, आणि २०१७ पासून 'परी' या ग्रामीण भारताच्या संग्रहामार्फत ती टप्प्याटप्प्याने लोकांपुढे येत आहे. प्वातवाँ २००४ साली गेले, राईरकर २०१० साली. म्हणजे ज्यांनी ओव्या गोळा केल्या ते विचारायला उपलब्ध नसतानाही पुढचे प्रकाशन होऊ शकले. का? कारण ओवीबरोबर गाणारीचे नाव, गाव आणि विषयाचे वर्गीकरण लिहून ठेवलेले होते. नुसत्या ध्वनिफिती उरल्या असत्या तर आवाज ऐकू आला असता, पण ती बाई कोण आणि कुठली हे सांगणारे कोणी नसते.

बाईंच्या पन्नास नोंदी या कामापुढे लहान आहेत. पण तारपा वाजवणारे म्हातारबाबा उद्या नसतील, ही गोष्ट तितकीच खरी आहे.

मग करायचे काय? पहिला मार्ग म्हणजे नव्या संगणकाला जुना पत्ता देणे. विंडोजवरून विंडोजवर जात असाल तर नव्या डिस्कला तेच ड्राइव्हचे अक्षर देता येते. लिनक्सवरून लिनक्सवर जात असाल तर डिस्क त्याच नावाच्या फांदीला जोडता येते. प्लेक्सवाले आणखी एक खबरदारी सांगतात. नसलेल्या फायलींच्या नोंदी आपोआप काढून टाकायची सोय आधी बंद करा, नवी जागा जुन्या जागेच्या जोडीने संग्रहात घाला, तपासणी होऊ द्या, आणि मगच जुनी जागा काढा. रद्दी रोज रद्दीवाल्याकडे जात असेल तर चुकून टाकलेला कागद परत मिळत नाही, तसेच हे.

बाईंना विंडोजवरून लिनक्सवर जायचे आहे, तेव्हा पहिला मार्ग बंद. त्यांच्यासाठी दुसरा मार्ग, आणि आमच्या मते तोच मुळात चांगला: नोंद वस्तूजवळ ठेवणे. पुस्तकाच्या पहिल्या पानावर शिक्का असतो तसे. जेलिफिनच्या रचनेत एक पर्याय आहे. तो चालू केला की प्रत्येक फाइलशेजारी त्याच नावाची, एनएफओ या शेपटाची एक छोटी फाइल तयार होते. तिच्यात शीर्षक, माहिती, व्यक्तींची नावे साध्या मजकुरात असतात. कोणत्याही साध्या लेखन-प्रोग्रॅममध्ये ती उघडते, वाचता येते, दुरुस्त करता येते. हे काम जुना संगणक चालू असतानाच करायचे. मग फोल्डर कुठेही न्या, नोंदी बरोबर जातील, आणि नवा सर्व्हर त्या वाचून आपली वही पुन्हा भरेल. उद्या जेलिफिनच बंद पडला तरी हा मजकूर माणसाला वाचता येईल. कोणी कुठपर्यंत पाहिले ते यात येईलच असे नाही. पण ते गेल्याचे आम्हाला फारसे दुःख नाही.

कीर्द आणि खतावणी

नोंदवहीची नक्कल करतानाही एक मेख आहे. या सर्व्हरांचे डेटाबेस एसक्यूलाइट या पद्धतीचे असतात. रिचर्ड हिप यांनी २००० साली तयार केलेली ही पद्धत आज जवळजवळ प्रत्येक मोबाइलमध्ये आहे. तिची एक रीत जुन्या दुकानदाराला लगेच कळेल. दुकानात दिवसभरचा व्यवहार आधी कीर्दीत लिहितात आणि सवडीने तो खतावणीत ज्याच्या त्याच्या खात्यावर चढवतात. २०१० पासून एसक्यूलाइटमध्येही अशी सोय आहे. नवी नोंद आधी शेजारच्या 'वॉल' नावाच्या फाइलमध्ये जाते आणि नंतर मुख्य फाइलमध्ये चढवली जाते. मध्येच वीज गेली तरी वही फाटत नाही, हा तिचा फायदा. पण सर्व्हर चालू असताना कोणी फक्त मुख्य फाइल उचलून नेली, तर त्याने कीर्द सोडून खतावणी नेली. आजचा व्यवहार मागेच राहिला. म्हणून आधी सर्व्हर रीतसर बंद करावा, आणि मग संपूर्ण फोल्डर उचलावा.

आता खास आपल्या लिपीची अडचण. 'वाऱ्याचे गाणे' असे फाइलचे नाव आहे. यातला 'ऱ्या' युनिकोडमध्ये तीन प्रकारे लिहिता येतो. एक, खाली टिंब असलेले 'ऱ' हे एकच चिन्ह घेऊन. दोन, साधा 'र' आणि त्यापुढे नुक्ता अशी दोन चिन्हे घेऊन. तीन, 'र', हलन्त आणि एक न दिसणारे जोडचिन्ह घेऊन. पडद्यावर तिन्ही सारखेच दिसतात. युनिकोडच्या नियमाने पहिले दोन समान आहेत, तिसरे नाही. लिनक्सला हे नियम ठाऊक नसतात. तो फक्त बाइट पाहतो, आणि त्याच्या दृष्टीने ही तीन वेगळी नावे आहेत. नोंदीत एका प्रकारचे आणि डिस्कवर दुसऱ्या प्रकारचे नाव असेल, तर डोळ्यांसमोर असलेली फाइल सर्व्हरला सापडत नाही. मॅक संगणकांची जुनी पद्धत तर नाव लिहून घेतानाच पहिला प्रकार मोडून दुसरा करून टाकत असे.

नावाच्या लांबीचेही असेच. लिनक्सच्या नेहमीच्या पद्धतीत फाइलचे नाव २५५ बाइटपर्यंत असू शकते. रोमन अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरी चिन्हाला तीन. 'तारपा' या शब्दात त, काना, र, प, काना अशी पाच चिन्हे, म्हणजे १५ बाइट. तेव्हा मराठी नावाला जास्तीत जास्त ८५ चिन्हे. विंडोज मात्र बाइट न मोजता चिन्हे मोजते आणि २५५ देवनागरी चिन्हे चालवून घेते. वादक, पाडा, प्रसंग, तारीख असे सगळे नावातच कोंबायची सवय असेल तर अशा फायली नव्या संगणकावर येणारच नाहीत.

शेवटी खात्री. फाइल पोचली म्हणजे ती जशीच्या तशी पोचली असे नव्हे. बाइटांची संख्या जुळणे पुरेसे नाही, आणि बेरीज जुळणेही पुरेसे नाही. ३, ७, ५ यांची बेरीज १५. पहिले दोन अंक उलटले, ७, ३, ५, तरी १५च. पण पहिल्या अंकाला ३ ने, दुसऱ्याला २ ने आणि तिसऱ्याला १ ने गुणून बेरीज केली तर पहिल्या वेळी २८ येतात आणि दुसऱ्या वेळी ३२. चूक पकडली गेली. संगणक याच विचाराची कितीतरी गुंतागुंतीची क्रिया करून फाइलचा 'ठसा' काढतो. एसएचए-२५६ या पद्धतीचा ठसा २५६ बिटांचा असतो, आणि फाइलमधला एक बिट बदलला तरी तो ओळखू न येण्याइतका बदलतो. जुन्या आणि नव्या संगणकावर काढलेले ठसे जुळेपर्यंत जुनी डिस्क पुसू नये. ठसे जुळूनही सर्व्हरला फायली दिसत नसतील तर परवानगी तपासावी. लिनक्स फाइलच्या मालकाचे नाव लिहीत नाही, त्याचा क्रमांक लिहितो, आणि नव्या संगणकावर तो क्रमांक भलत्याचाच असू शकतो.

हे सारे संगणकाशिवायही वर्गात करून पाहता येते. शाळेच्या ग्रंथालयातली दोनशे पुस्तके पाच कप्प्यांत मांडा, कप्प्यात चाळीस. एका गटाने वहीत प्रत्येक पुस्तकापुढे 'कपाट १, वरून दुसरा कप्पा' असा पूर्ण पत्ता लिहावा. दुसऱ्या गटाने प्रत्येक कप्प्याला अ, आ, इ अशी नावे द्यावीत, पुस्तकापुढे फक्त ते अक्षर लिहावे, आणि कोणते अक्षर कोणत्या जागी आहे याचा पाच ओळींचा वेगळा कागद करावा. आता दोन कप्प्यांतली पुस्तके एकमेकांत बदला. पहिल्या गटाला ऐंशी ओळी खोडाव्या लागतील, दुसऱ्याला दोन. त्यानंतर चार पुस्तके एका कप्प्यातून दुसऱ्यात ठेवा आणि दुसऱ्या गटाची वही अजून बरोबर आहे का ते मुलांनाच तपासू द्या.